समुद्राच्या पोटातलं तापमान जगाला मोजायला शिकवणारा नान्सेन

अरबी समुद्र किती तापलाय, हे आज मोबाईलवर नकाशा उघडून पाहता येतं. पण समुद्र तापलाय असं म्हणायचं तर तो आधी किती गार होता हे माहीत असावं लागतं. ते माहीत आहे, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काही लोकांनी जहाजातून तार सोडली, हजारो मीटर खोलवरचं पाणी वर आणलं, त्याचं तापमान आणि खारटपणा मोजला आणि आकडे वहीत लिहून ठेवले. पुढच्या लोकांनी त्या वह्या जपल्या.

या कामाला शिस्त लावणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन. जग त्याला दोन गोष्टींसाठी ओळखतं. एक म्हणजे उत्तर ध्रुवाच्या दिशेने केलेला थरारक प्रवास आणि दुसरी म्हणजे निर्वासितांसाठीचं काम, ज्यासाठी त्याला शांततेचं नोबेल मिळालं. समुद्राच्या पाण्याचे खात्रीचे आकडे गोळा करण्याचं त्याचं तिसरं काम मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

स्कीइंगचं वेड आणि सीलच्या शिकारीचं जहाज

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, ख्रिस्तियानियाजवळचा. ख्रिस्तियानिया म्हणजे आजचं ऑस्लो. वडील वकील होते आणि आईला बर्फावर स्कीइंग करण्याची आवड होती. ती आवड मुलातही उतरली. पुढे त्याने विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतलं.

१८८२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, तो ‘वायकिंग’ नावाच्या जहाजावर चढला. हे सीलच्या शिकारीला जाणारं जहाज होतं. बाकीचे शिकारीच्या मागे असायचे आणि नान्सेन समुद्राचं पाणी तपासत बसायचा. समुद्रातला बर्फ पाण्याखाली तयार होऊन वर येतो, अशी तेव्हा काहींची समजूत होती. तो पृष्ठभागावरच गोठतो, हे नान्सेनने नोंदींमधून दाखवलं. वरच्या गार पाण्याच्या थराखालून गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी वाहतं, हेही त्याच्या थर्मामीटरने सांगितलं.

परत आल्यावर तो बर्गनच्या संग्रहालयात नोकरीला लागला आणि मज्जासंस्थेवर संशोधन करून १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी पाच साथीदारांना घेऊन तो स्कीवरून ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यापर्यंत चालत गेला. ग्रीनलंडचा बर्फाळ आतला भाग असा पार करणारी ही पहिलीच तुकडी. नॉर्वेत परतला तेव्हा तो राष्ट्रीय हिरो झाला होता.

जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचं!

त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच काही घोळत होतं. ‘जिनेट’ हे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं होतं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष सापडले ते थेट ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर. म्हणजे उत्तर ध्रुवाच्या आसपासचा बर्फ एका जागी थांबत नाही. तो सायबेरियाकडून ग्रीनलंडकडे सरकत असणार.

नान्सेनने योजना मांडली की बर्फाच्या दाबाने फुटणार नाही असं जहाज बांधायचं, ते सायबेरियाच्या बाजूला मुद्दाम बर्फात अडकवायचं आणि बर्फ नेईल तिकडे जायचं. अनेक अनुभवी दर्यावर्दींना हा शुद्ध वेडेपणा वाटला. तरीही पैसे उभे राहिले. कॉलिन आर्चर या जहाजबांधणी तज्ज्ञाने ‘फ्राम’ हे जहाज बांधलं. फ्राम म्हणजे ‘पुढे’. त्याचा तळ नारळाच्या कवटीसारखा गोलसर ठेवला होता, म्हणजे बर्फाने दाबलं की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं.

जून १८९३ मध्ये १३ जणांना घेऊन फ्राम निघालं आणि सप्टेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे बर्फात अडकलं. पुढची जवळपास तीन वर्षं हे जहाज म्हणजे बर्फाबरोबर सरकणारी प्रयोगशाळा होती.

अंदाज साफ चुकला, तार कमी पडली

ध्रुवाजवळचा समुद्र उथळ असेल, असा नान्सेनचा अंदाज होता. खोली मोजायची तार त्याच हिशेबाने घेतली होती. प्रत्यक्षात तार सोडत गेले तरी तळ लागेना. मग जहाजावरचा एक पोलादी दोर सुटा करून त्याचे धागे जोडले आणि चार हजार मीटरहून लांब तार तयार केली. हे सगळं कडाक्याच्या थंडीत, हाताने. त्या तारेने सांगितलं की हा समुद्र तीन हजार मीटरपेक्षाही खोल आहे. त्यामुळे आर्क्टिकचा नकाशाच बदलला.

त्याहून मोठी गोष्ट तापमानाच्या आकड्यांत दिसली. बर्फाखालचं वरचं पाणी गोठणबिंदूच्या जवळ होतं, तेही कमी खारट. पण साधारण दोनशे मीटरच्या खाली गेलं की पाणी चक्क कोमट व्हायचं, म्हणजे शून्य अंशाच्या वर. आणखी खाली गेलं की पुन्हा गार. मधला हा कोमट थर होता अटलांटिक महासागराचा. दक्षिणेकडचं खारट आणि म्हणून जड पाणी ध्रुवाकडे येऊन हलक्या, गोड्या थराखाली शिरलं होतं.

बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ सरकत नाही, थोडा उजवीकडे वळतो, हेही नान्सेनने टिपलं. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम असावा, असं त्याने ओळखलं. त्याचं गणित पुढे स्वीडनच्या वाल्फ्रिड एकमनने मांडलं. समुद्रशास्त्राच्या पुस्तकांमध्ये आज ‘एकमन स्पायरल’ म्हणून जे शिकवतात, त्याची सुरुवात फ्रामच्या डेकवर झाली.

फ्राम थेट ध्रुवावर पोहोचणार नाही असं दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहान्सेन कुत्र्यांच्या स्लेज घेऊन निघाले. ते ८६ अंश १४ मिनिटं उत्तरेपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कुणीच गेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर दोघांनी फ्रांझ जोसेफ लँडवर दगडांच्या खोपटात अख्खा हिवाळा काढला. ऑगस्ट १८९६ मध्ये ते नॉर्वेला पोहोचले आणि काही दिवसांतच फ्रामही सुखरूप परतलं. तेराच्या तेरा माणसं जिवंत होती. मागे जहाजावर राहिलेल्या मंडळींनी मोजमापं चालूच ठेवली होती.

नोंदी आल्या, पण त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा?

या मोहिमेचे वैज्ञानिक निष्कर्ष १९०० ते १९०६ या काळात सहा खंडांत छापले गेले. समुद्राच्या पाण्याचा भाग नान्सेनने स्वतः लिहिला. आकडे तपासताना त्याच्या लक्षात आलं की खारटपणाच्या नोंदी पुरेशा नेमक्या नाहीत. हायड्रोमीटरसारखी तेव्हाची साधनं समुद्राच्या वरच्या थरापुरती ठीक होती, पण खोल पाण्यात कमी पडत होती. खोल पाण्याच्या खारटपणाचे आकडे प्रत्यक्षापेक्षा जास्त आले होते, हे पुढे स्पष्ट झालं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम मीठ असतं. खोल समुद्रात हा आकडा शेकडो किलोमीटरपर्यंत जेमतेम बदलतो. तापमानही अंशाच्या शंभराव्या भागाने बदलतं. पण याच बारीक फरकांवर पाण्याची घनता ठरते आणि घनतेवरून कोणतं पाणी बुडणार, कोणतं वर राहणार, प्रवाह कुठे जाणार हे ठरतं. साधनाची चूक त्या फरकापेक्षा मोठी असेल, तर वहीतला आकडा समुद्राबद्दल काहीच सांगत नाही. आणि गेलेल्या दिवसाचं पाणी पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून नान्सेनने १९०१ मध्ये रोआल्ड अमुंडसेनला उत्तरेच्या समुद्रात नेमकी मोजमापं घ्यायला लावली. दक्षिण ध्रुवावर सगळ्यांत आधी पोहोचलेला अमुंडसेन तो हाच. त्या नोंदींवरून नान्सेनने १९०६ मध्ये दाखवलं की हिवाळ्यात ग्रीनलंडजवळच्या समुद्रात पृष्ठभागावरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली बुडतं. खोल समुद्राचं पाणी असं तयार होतं. चांगले आकडे हाती आल्याशिवाय हे कळणं शक्यच नव्हतं.

आठ देश, एकच मोजपट्टी

दुसरा प्रश्न आणखी अवघड होता. नॉर्वेच्या जहाजाने मोजलेला खारटपणा आणि जर्मनीच्या जहाजाने मोजलेला खारटपणा एकमेकांशी ताडून पाहायचा कसा? प्रत्येकाची पद्धत वेगळी आणि रसायनंही वेगळी.

हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा नव्हता. उत्तर समुद्रातली हेरिंग आणि कॉड मासळी काही वर्षं भरपूर यायची, काही वर्षं गायब व्हायची. किनाऱ्यावरच्या गावांचं पोट त्यावर होतं. त्याचं कारण पाण्यात शोधायचं तर सगळ्या देशांना मिळून पाणी मोजावं लागणार होतं.

१९०२ मध्ये कोपनहेगनला आठ देशांनी समुद्राच्या संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. ‘आयसीईएस’ या नावाने ती आजही चालू आहे. परिषदेने ठरवलं की सदस्य देशांची जहाजं वर्षातून चार वेळा, ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या ठिकाणी जाऊन पाणी मोजतील. आकडे कोपनहेगनला एकत्र करून छापायचे. मोजमापं एकसारखी व्हावीत म्हणून ख्रिस्तियानियात मध्यवर्ती प्रयोगशाळा उघडली आणि तिची जबाबदारी नान्सेनकडे आली. १९०८ पर्यंत ती चालली.

डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनने याआधीच ‘प्रमाणित समुद्रजल’ची पद्धत बसवली होती. खारटपणा अचूक ठाऊक असलेलं समुद्राचं पाणी काचेच्या नळ्यांमध्ये सीलबंद करून सगळ्या प्रयोगशाळांना पाठवायचं. प्रत्येकाने आपला नमुना मोजण्याआधी या पाण्यावर आपलं साधन तपासायचं. मोजणी व्हायची सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने. बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत रंग बदलायची वाट पाहिली असेल, तर हे काम किती चिकाटीचं होतं याची कल्पना येईल. पाण्यातलं क्लोराईड कळलं की क्नुडसेनच्या १९०१ च्या तक्त्यांवरून एकूण खारटपणा काढता यायचा. बाजारात सगळ्यांच्या तराजूला एकच प्रमाणित वजन लागतं, तसंच हे.

उलटी होणारी बाटली

तिसरी अडचण होती पाणी वर आणण्याची. दोन हजार मीटरवर भरलेली बाटली वर येईपर्यंत तापमान बदलणार आणि बाटली नीट बंद झाली नाही तर वाटेतलं पाणीही मिसळणार.

यावर अनेकांनी काम केलं होतं. नान्सेनने त्यात सुधारणा करत १९१० च्या सुमारास जी बाटली तयार केली, ती ‘नान्सेन बाटली’ म्हणून जगभर वापरली गेली. तिची युक्ती अशी. धातूची, दोन्ही बाजूंनी उघडी बाटली तारेला अडकवून खाली सोडायची. पाणी तिच्यातून आरपार जात राहतं. हवी ती खोली आली की वरून तारेवर एक पितळी वजन सोडायचं. वजन सरकत जाऊन बाटलीच्या खटक्यावर आपटतं. बाटलीचं वरचं टोक तारेपासून सुटतं आणि ती पूर्ण उलटी होते. उलटताना दोन्ही तोंडं बंद होतात आणि त्या खोलीचं पाणी आत कोंडलं जातं. त्याच वेळी दुसरं वजन सुटून खालच्या बाटलीकडे जातं. अशा एका तारेवर दहा-बारा बाटल्या एकामागोमाग उलटायच्या.

बाटलीच्या अंगावर खास थर्मामीटर असायचे. ते उलटे झाले की पाऱ्याचा धागा एका ठरावीक जागी तुटायचा. त्यामुळे त्या क्षणाचं तापमान तसंच टिकून राहायचं आणि जहाजावर सावकाश वाचता यायचं, अगदी अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत. विजेवर चालणारी साधनं येईपर्यंत पन्नासहून अधिक वर्षं समुद्रशास्त्राचा सगळा डोलारा या बाटलीवर उभा होता.

याच काळात नान्सेन आणि त्याचा सहकारी ब्यॉर्न हेलँड-हान्सेन यांनी नॉर्वेजियन समुद्रावर मोठा ग्रंथ लिहिला. १९०९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पुढे दोघांनी व्यापारी जहाजांनी अटलांटिक ओलांडताना टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि समुद्राचं तापमान वर्षागणिक का बदलतं याचा अभ्यास केला. वाऱ्याची दिशा बदलली की समुद्राचं तापमानही बदलतं, असं त्यांना दिसलं. ज्या खलाशांनी त्या नोंदी केल्या, त्यांना हवामानाचा असा अभ्यास होईल हे ठाऊकही नसणार.

देश, घर आणि निर्वासित

हे सगळं करताना नान्सेनला प्रयोगशाळेत शांतपणे बसायला मिळालं असं मात्र नाही. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्यात त्याने पुढाकार घेतला. १९०६ मध्ये त्याला नॉर्वेचा राजदूत म्हणून लंडनला जावं लागलं. डिसेंबर १९०७ मध्ये पत्नी एव्हा आजारी असल्याची बातमी आली. तो निघाला, पण घरी पोहोचण्याआधीच ती गेली होती. १९०८ मध्ये राजदूतपद सोडून तो विद्यापीठात समुद्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेचं स्वप्न त्याने सोडून दिलं आणि फ्राम अमुंडसेनच्या हाती दिलं. १९१३ मध्ये धाकटा मुलगाही गेला.

पहिलं महायुद्ध संपलं आणि पुन्हा बोलावणं आलं. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने रशिया आणि इतर देशांत अडकलेल्या युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याचं काम त्याच्यावर सोपवलं. चार लाखांहून अधिक कैदी मायदेशी परतले. १९२१ मध्ये तो राष्ट्रसंघाचा निर्वासितांसाठीचा उच्चायुक्त झाला. रशियात दुष्काळ पडला तेव्हा अन्न पोहोचवण्यासाठी तो युरोपभर मदत मागत फिरला.

निर्वासितांची मोठी अडचण होती कागदाची. ज्यांचं नागरिकत्व गेलं, त्यांना कोणताच देश ओळखत नव्हता. नान्सेनने एक ओळखपत्र तयार करवून घेतलं आणि देशादेशांकडून त्याला मान्यता मिळवली. हाच ‘नान्सेन पासपोर्ट’. पुढे पन्नासहून अधिक देशांनी तो मान्य केला. चित्रकार मार्क शगाल आणि संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांच्याकडेही हाच पासपोर्ट होता. वेगवेगळ्या देशांना एकाच पाण्यावर आपली साधनं तपासायला लावणं आणि एकच कागद मान्य करायला लावणं, दोन्ही ठिकाणी त्याला देशांमधल्या अविश्वासाशीच झगडावं लागलं. १९२२ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं आणि ते पैसे त्याने मदतकार्याला दिले.

विज्ञानाला मात्र याची किंमत मोजावी लागली. साठीत पोहोचलेला नान्सेन समुद्राकडे पूर्ण वेळ परत जाऊ शकला नाही. १३ मे १९३० रोजी लिसाकर इथल्या राहत्या घरी त्याचं निधन झालं. १७ मेला, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी, त्याला निरोप देण्यात आला.

गोव्यापर्यंत आलेली बाटली

नान्सेनच्या पद्धतीचा भारताशी थेट संबंध आला तो त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. तोवर हिंद महासागराच्या पोटातले आकडे अटलांटिकच्या मानाने फारच कमी होते. ज्या समुद्रावर आपला मान्सून अवलंबून आहे, तोच नीट मोजलेला नव्हता. १९५९ ते १९६५ या काळात ‘आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम’ झाली. अनेक देशांची संशोधन जहाजं आली आणि भारतीय नौदलाचं ‘आयएनएस किस्तना’ही त्यात होतं. पाणी वर आणायला अजूनही नान्सेन बाटल्याच होत्या. या नोंदींमधून क्लाउस विर्टकी या शास्त्रज्ञाने केलेला हिंद महासागराचा अ‍ॅटलास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहिमेतूनच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, १ जानेवारी १९६६ रोजी. गोव्यात दोना पावलाला तिचं मुख्यालय आहे आणि जहाजांवरच्या नोंदी तिथे जपल्या जातात.

सगळ्याच वह्यांचं नशीब मात्र इतकं चांगलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या शेवटी लक्षात आलं की जगभरच्या संस्थांमध्ये समुद्राच्या लाखो जुन्या नोंदी कागदावरच पडून आहेत. शाई पुसट होत होती, कागद सडत होता. त्या वाचवून संगणकात आणण्यासाठी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. हे आकडे ‘वर्ल्ड ओशन डेटाबेस’मध्ये गेले आणि तो आज कुणालाही मोफत पाहता येतो. त्याच्या आधारे २००० मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाचे महासागर खोलवर तापले आहेत.

आता बाटलीची जागा बऱ्याच अंशी ‘आर्गो’ या स्वयंचलित तरंगत्या यंत्रांनी घेतली आहे. असे जवळपास चार हजार फ्लोट दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलवरून वर येतात आणि तापमान, खारटपणा उपग्रहाला कळवतात. तरीही त्यांचे आकडे बरोबर आहेत का, हे तपासायला जहाजावरून मोजलेलं पाणी लागतंच. ते मोजणारी यंत्रं आजही आधी प्रमाणित समुद्रजलावर तपासली जातात. आणि आर्क्टिकमधला तो कोमट थर शंभर वर्षांत किती बदलला, याचा हिशेब करताना शास्त्रज्ञ सुरुवात करतात ती फ्रामच्या नोंदींपासून.